सासूबाईंच्या खोलीतले अठरा होल

रविवार, २ फेब्रुवारी

यंदा एकाही पुरवठादाराने डायरी पाठवली नाही. पंपांच्या कारखान्याचा खरेदी विभाग मी सांभाळत होतो तेव्हा जानेवारीत घरात डायऱ्या ठेवायला जागा नसायची. बायको त्यांत किराण्याच्या याद्या करायची आणि सासूबाई पानं फाडून कपाटात अंथरायच्या. सप्टेंबरात मी निवृत्त झालो आणि सगळ्या पुरवठादारांचे छापखाने बहुधा त्याच आठवड्यात जळाले. म्हणून ही डायरी स्वतःच्या पैशाने घेतली आणि महिनाभर रागाने कोरी ठेवली. आज लिहायला विषय मिळाला.

सलग तिसऱ्या रविवारी गोल्फ रद्द. वकिलाला आशिलाकडे जायचं होतं. दातवाल्या डॉक्टरला दवाखाना उघडायचा होता, कारण लोकांचे दात हल्ली रविवारीच दुखतात. मौनीने फक्त जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. त्याला मौनी म्हणतात ते उगाच नाही, त्याच्या लग्नात 'हो' सुद्धा त्याच्या वडिलांनी म्हटलं होतं असं वकील सांगतो. आम्ही चौघं एकोणीस वर्षं दर रविवारी सकाळी एकत्र खेळतोय.

घरी बसून करायचं काय, म्हणून गाडीत हवा भरायला पंपावर गेलो. समोर दातवाल्याची गाडी. पुढे वकील, मागे मौनी, आणि डिकी लागत नव्हती म्हणून दोरीने बांधलेली. तिच्यातून गोल्फच्या तीन पिशव्यांची तोंडं बाहेर आलेली.

"अरे, परचेस," दातवाला म्हणाला. मला ते परचेसच म्हणतात. "आम्ही जरा ह्याच्या आशिलाकडे चाललो होतो."

"स्टिका घेऊन?"

"आशिलाला शिकायचंय," वकील म्हणाला. माणूस पोटापाण्यासाठी खोटं बोलायला लागला की किती सफाई येते पाहा. मौनी खिडकीतून आकाशाकडे बघत होता. तिकडेही काही नव्हतं.

मला टाळताहेत हे शेंबड्या पोरालाही कळेल. का, ते मात्र कळत नाही. म्हणजे कळतं. गोल्फमध्ये जितके फटके कमी तितका खेळाडू मोठा, आणि गेली दोन वर्षं माझे फटके सारखे कमीच होत आहेत. मित्राची भरभराट भल्याभल्यांच्या डोळ्यांत खुपते.

लिहायलाच बसलोय तर खरं लिहितो. आज जेवण गेलं नाही. ऑफिस सुटलं तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं. आठवड्यात एकच सकाळ उरली होती जेव्हा कोणीतरी माझी वाट बघायचं. मला माझा रविवार परत हवाय, बाकी काही नको.

बुधवार, ५ फेब्रुवारी

सापडलं. न्हाव्याकडे बसलो होतो, समोरच्या टीव्हीवर एक गृहस्थ स्वतःच्या घरात, पायात सपाता घालून गोल्फ खेळत होते. समोर भिंतभर पडदा, त्यावर प्रोजेक्टरने मैदान दिसतं. पायाखाली हिरवी मॅट. खराखुरा चेंडू खऱ्याखुऱ्या स्टिकने पडद्यावर मारायचा. चेंडू पडद्याला आपटून पायाशी पडतो, पण कॅमेरा त्याचा वेग आणि दिशा मोजतो आणि चित्रातला चेंडू तेवढा लांब जातो. ह्याला सिम्युलेटर म्हणतात. अर्धीच हजामत झाली असताना मी उठणार होतो.

आता हिशेब सोपा आहे. मैदान माझ्या घरात आलं की मला वगळून खेळणार कसे? ज्याची बॅट त्याची बॅटिंग हे आम्ही लहानपणीच शिकलोय.

जेवताना घोषणा केली. बायको कॉलेजात ग्रंथपाल आहे, तिला आवाज चढवायची सवयच नाही. ती म्हणाली, "अहो, आपल्याकडे चादरी वाळत घालायला जागा नाही."

सासूबाईंनी विचारलं, "पडद्यावर चेंडू मारायचा? आणि मग तो कुठे जातो?"

"कुठे जात नाही, आई. पायाशीच पडतो."

"म्हणजे निवृत्तीसारखंच," त्या म्हणाल्या आणि भात मागितला.

सासूबाई आयुष्यभर पोस्टाच्या खिडकीमागे बसल्या. माणूस कितीही घाईत असो, फॉर्मवर सही नसेल तर त्या "खिडकी बंद" म्हणून मोकळ्या व्हायच्या. नोकरी संपून जमाना झाला, खिडकी मात्र त्यांनी बरोबर घरी आणली आहे.

शनिवार, ८ फेब्रुवारी

स्टिक डोक्यावरून पूर्ण फिरवायची तर छत उंच लागतं. टेप घेऊन घरभर फिरलो. बैठकीत पंखा आडवा येतो. झोपायच्या खोलीत छत ठेंगणं. गॅरेजमध्ये मी स्वतःच वाकून शिरतो. घरात एकच खोली उंच आहे, मागची, उतरत्या छपराची. तिथे सासूबाई राहतात. देव माझ्यासारख्यांची परीक्षा बघतो म्हणतात, पण पेपर इतका अवघड काढू नये.

सगळ्यांत लांब स्टिक घेऊन त्यांच्या खोलीत गेलो. सावकाश फिरवून पाहिली. कुठेच लागली नाही, चांगली वीतभर जागा उरली. वहीत नोंद करत होतो तेवढ्यात सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "चेंडूही असाच मारता का? देवापुढे आरती ओवाळल्यासारखा?"

मग मी नेहमीच्या जोराने फिरवली. ट्यूबलाइटचा शेवट झाला. बायको केरसुणी घेऊन आली, तिने काही विचारलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली की काही प्रश्न सुचेनासे होतात.

तडजोड झाली ती अशी. ट्यूबलाइट भिंतीवर जाईल. खोलीचा पुढचा अर्धा भाग माझा. मागच्या अर्ध्यात सासूबाईंचा पलंग, खुर्ची आणि रेडिओ, आणि त्यांना तिथून कोणी उठवायचं नाही. नाट्यगृहात पहिल्या रांगेत बसतात तशा त्या बसणार. मी म्हटलं, आई, तुम्हाला चेंडूंचा त्रास होईल. त्या म्हणाल्या, "पोस्टात दिवसभर शिक्के आपटायचे. मला आवाजाशिवायच करमत नाही."

गुरुवार, १३ फेब्रुवारी

तीन ठिकाणची दरपत्रकं मागवली. तीनपेक्षा कमी दरपत्रकांवर मी चमचासुद्धा घेत नाही. पहिला दुकानदार मला 'काका' म्हणाला, तो बाद. दुसऱ्याकडे प्रोजेक्टर चांगला होता, पण दुकानात नमुन्याचा पडदा फाटलेला. पडदा विकणाऱ्याचा पडदाच फाटलेला असेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. तिसऱ्याने खुर्ची दिली, चहा दिला, आणि माझं ऐकून घेतलं. बऱ्याच महिन्यांनी कोणीतरी माझ्यासमोर कागद-पेन घेऊन बसलं होतं. मला बरं वाटलं, हे कबूल करायला हरकत नाही.

तो म्हणाला, "साहेब, घरगुती सेटिंगमध्ये सगळं सोयीचं असतं. फटका चुकला तर परत मारा. चेंडू होलच्या जवळ गेला की आत गेला असं धरा. लोकांना तेच आवडतं."

मी म्हटलं, लोकांना आवडत असेल. मला घरी वकील बोलवायचाय.

मग त्याला सगळं समजावलं. आमच्या खेळात पंच नसतो. ज्याने त्याने आपापले फटके मोजायचे आणि होल संपला की सांगायचे, सगळा कारभार सचोटीवर. आणि वकिलाची सचोटी म्हणजे काय ते मला विचारा. मागच्या वर्षी तळ्याकाठी त्याने पाच सांगितले, मी झाडाआडून स्पष्ट सहा मोजले होते. त्याचे मोजण्याच्या नादात माझे किती झाले ते राहूनच गेलं, म्हणून मी आपले अंदाजे चार धरले.

"मग स्पर्धेचं सेटिंग घ्या," विक्रेता म्हणाला. "छतावरचा कॅमेरा स्टिक आणि चेंडू दोन्ही बघतो. मारण्यासाठी स्टिक फिरवली की फटका धरला, चेंडूला लागो न लागो. सूट नाही, परत मारणं नाही. आणि खेळ संपला की स्कोअर सगळ्यांच्या मोबाइलवर. पण साहेब, ह्याला कुलूप असतं. पासवर्ड टाकल्याशिवाय सेटिंग बदलत नाही. घरी कोणी हे घेत नाही."

"कोणी घेत नाही म्हणूनच घेतोय," मी म्हटलं. मागणीपत्रात स्वतःच्या हाताने अट घातली: पूर्ण अचूकता, कुठलीही सवलत नको. आता खेळू दे वकिलाला सचोटीने.

मंगळवार, ४ मार्च

दोन दिवस फिटर, तारा, शिड्या आणि भोकं. आज मशीन चालू झालं. काय दिसतं! खोलीच्या टोकाला मैदान, तळं, वाळूचा खड्डा, लांब झेंडा. सासूबाईंनी चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाल्या, "गवत कोणी कापायचं नाही, ही सोय चांगली आहे."

पासवर्डचा प्रश्न निघाला. माझ्याकडे ठेवला तर वकील म्हणणार, घरच्याच माणसाच्या हातात चावी. म्हणून ठरवलं, पासवर्ड सासूबाई टाकतील आणि फक्त त्यांनाच माहीत राहील. फिटरने त्यांना कळफलक दिला. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. बायको दारातून हे सगळं बघत होती. तिने विचारलं, "अहो, नक्की ना? नीट विचार केलात ना?" मी म्हटलं, ह्याला पारदर्शकता म्हणतात, तुला ग्रंथालयात नाही कळायचं. ती हसली. उगाच हसते कधीकधी.

शुक्रवार, ७ मार्च

मशीन बिघडलेलं आहे.

काल पहिला पूर्ण खेळ खेळलो, अठरा होल. मैदानावर माझे नव्वदच्या आत होतात. मशीनने दाखवले एकशे एकेचाळीस. आधी वाटलं सासूबाईंच्या हालचालीही फटक्यांत धरल्या.

कारणं शोधली. मी फटक्याआधी एकदोनदा स्टिक फिरवून बघतो. त्यात एखादवेळी चेंडूचा विचार असतो, पण लागत नाही, म्हणजे तो सरावच झाला. हे यंत्र सरावालाही फटका म्हणतं. होलपासून हातभर अंतरावर चेंडू आला की तो आत गेलाच असं समजायचं, ह्याला गोल्फमध्ये सभ्यता म्हणतात. माझा हात, त्यात स्टिक धरलेली, एवढं अंतर. यंत्राला सभ्यता नाही. आणि मैदानावर चेंडू झुडपात रुतला तर मी तो बुटाने जरा मोकळा करतो, त्यालाही हवा लागायला हवी. इथे चित्रातल्या झुडपाला बूट लावून पाहिला. पडद्यावर डाग पडला.

ह्यात सासूबाई मागे बसून मोजतात. मोठ्याने. यंत्र मोजतंय, मोबाइल मोजतोय, तरी ह्यांचं चालूच. "सात... आठ... हा धरायचा ना हो, जावईबापू?... नऊ." रेडिओ लावा म्हटलं तर म्हणाल्या, हेच छान चाललंय.

सोमवार, १० मार्च

दुरुस्तीवाला येऊन गेला. त्याने चार चेंडू मारले, कॅमेरा तपासला आणि म्हणाला, "यंत्र बरोबर आहे, साहेब." मी म्हटलं, पुन्हा तपास. त्याने पुन्हा तपासलं. आजकाल सेवा नावाचा प्रकारच उरलेला नाही.

शेवटी सासूबाईंकडे गेलो. म्हटलं, आई, तो पासवर्ड जरा द्या, सेटिंग थोडं सौम्य करायचंय.

"कशासाठी?"

"यंत्र फार कडक आहे."

"अट कोणी घातली होती?"

"मीच. पण ती वकिलासाठी होती."

"खिडकी बंद," त्या म्हणाल्या.

दुपारी त्यांच्या आवडीची चॉकलेटं आणून दिली. त्यांनी ती खाल्ली, आभार मानले आणि खिडकी बंदच ठेवली. पोस्टातही ह्यांना कोणी विकत घेऊ शकलं नसणार. देशाचं भलं झालं, माझं काय?

गुरुवार, १३ मार्च

रोज खेळतोय. सुधारणा आहे, एकशे अडतीस. तिघांना अजून बोलावलेलं नाही. बोलवायला हात मोबाइलकडे जातो आणि परत येतो. अख्खा खटाटोप त्यांच्यासाठी केला, आणि आता ते येतील की काय याचीच भीती वाटते. येऊन बघतील काय, एकशे अडतीस? नव्वदवाला म्हणून ओळखतात मला.

बायकोची दाढ ठणकतेय. उद्या दातवाल्याकडे जाणार आहे.

शनिवार, १५ मार्च

बायको काल दातवाल्याकडे जाऊन आली. एका दाढेला दीड तास. मी विचारलं, माझ्याबद्दल काही बोलला का? ती म्हणाली, "माझ्या तोंडात कापूस होता हो, मी काय बोलणार." बरोबर आहे. बोलला असेल तर तोच बोलला असेल.

आणि गंमत बघा, आज सकाळी दातवाल्याचा आपणहून फोन. "परचेस, तुझ्याकडे म्हणे मशीन आलंय? स्वतःच मोजतं, आणि कुलूप सासूबाईंच्या हातात?" मला नवल वाटलं, इतकी बारीक माहिती त्याच्यापर्यंत पोचली कशी. हे विक्रेते लोक जाहिरात जोरदार करतात. म्हणाला, पुढच्या रविवारी तिघंही येतो. मागून वकिलाचा आवाज आला, "कुलूप नक्की आहे ना, विचार." बघा, चोराच्या मनात चांदणं.

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सांगितलं की ते येताहेत. दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. बिस्किटं आणायला हवीत." तिच्या आवाजात फारसं आश्चर्य नव्हतं. तिला कशाचंच नसतं.

रविवार, २३ मार्च

आले. दारात वकील म्हणाला, "बूट काढायचे?" आणि त्या साध्या प्रश्नाला मी आधी 'हो' म्हटलं, मग 'नको'. वय झालं.

मशीन पाहून तिघं लहान मुलांसारखे झाले. सासूबाईंना नमस्कार केला, त्यांनी पहिल्या रांगेतून आशीर्वाद दिला. मग दातवाल्याने स्टिक माझ्या हातात दिली. यजमान पहिला.

मी म्हटलं, आज खांदा धरलाय.

म्हणजे खांदा खरंच धरल्यासारखा वाटत होता. ऐनवेळी असं होतं. ते म्हणाले मग तू आराम कर. तिघं खेळले. वकिलाचे एकशे चार. मैदानावरही तो एवढेच सांगतो, हे जरा विचित्रच आहे. तळ्याकाठी तर सासूबाईंनी त्याचे मोजले आणि त्यानेही तितकेच सांगितले. कुलपाला घाबरला असणार.

मी चहा केला.

रविवार, ३० मार्च

पुन्हा आले. ह्यावेळी माझी कंबर. मी चहा केला, बिस्किटं मांडली, प्रोजेक्टरची काच पुसली. चेंडू गोळा करून दिले. दातवाल्याचा एक फटका सरळ तळ्यात गेला तेव्हा खोलीत जो हशा पिकला तो मी स्वयंपाकघरातून ऐकला. गॅससमोर उभा होतो, दूध वर येत होतं. माझं मशीन, माझं घर, माझे मित्र, आणि हसताना मी आत नव्हतो. रविवार परत मिळाला पण तो बाजूच्या खोलीत चाललाय. दूध उतू गेलं.

जाताना वकिलाने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. म्हणाला, "खांदा, कंबर. पुढच्या वेळी काय, गुडघा?" मी म्हटलं, बघू. खरं तर गुडघाच ठरवला होता.

रविवार, ६ एप्रिल

मी ट्रे घेऊन खोलीत शिरलो. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, तुमचं दुखणं बरं होणार आहे की आम्ही मरेपर्यंत तुमच्या हातचा चहाच प्यायचा? चहाही काही बरा नसतो."

बायको दारात उभी होती. तिने पुढे येऊन माझ्या हातातला ट्रे घेतला. ट्रे घेतला म्हणजे हात मोकळे झाले, आणि मोकळ्या हातांना कारण सांगता येत नाही. दातवाल्याने स्टिक दिली.

खेळलो. पहिल्या होलला पहिल्यांदा स्टिक फिरवली, चेंडू जागचा हलला नाही. सवयीने म्हणणार होतो, सराव. मागून सासूबाई म्हणाल्या, "एक." त्यानंतर मी काही म्हणायचा प्रयत्न केला नाही. होलच्या हातभर जवळचे चेंडू चारचार वेळा मारले. चौदाव्या होलला मोजता मोजता सासूबाईंना धाप लागली, मौनीने त्यांना पाणी दिलं. अठरावा संपला आणि चार मोबाइल एकदम वाजले. एकशे सदतीस.

मी जमिनीकडे बघत उभा राहिलो. आता हसतील, नाहीतर न हसण्याचा मोठेपणा करतील, दोन्ही सारखंच. मला वाटलं होतं त्यांना धक्का बसेल.

वकिलाने मोबाइल पाहिला आणि खिशात टाकला. "उजवा पाय जरा बाहेर घेत जा," तो म्हणाला, "तोल जातोय तुझा." दातवाला म्हणाला, "आणि ती स्टिक तुला लांब पडते, मी केव्हापासून म्हणतोय." मौनीने चहाचा कप माझ्या हातात आणून दिला. मग ते तळ्याच्या होलबद्दल भांडायला लागले आणि भांडता भांडता मलाही विचारलं, तुला काय वाटतं.

तिघांपैकी एकालाही आश्चर्य वाटलेलं नव्हतं. मी संध्याकाळपासून त्याचाच विचार करतोय. नव्वदवाला म्हणून ओळखतात ना मला? तेव्हा निदान एकाने तरी 'मशीन बिघडलंय का' असं विचारायला हवं होतं.

बायकोला विचारलं. ती पुस्तक वाचत होती. म्हणाली, "त्यांना मोजता येतं हो," आणि पान उलटलं.

शुक्रवार, ११ एप्रिल

वकिलाचा फोन. "परचेस, हा रविवार नाही, त्याच्या पुढचा. मैदानावर, सहाला. उशीर करू नकोस, चौघांचं बुकिंग आहे."

मी विचारलं, आणि तुझा आशील?

"शिकला तो," वकील म्हणाला.

नऊ दिवस आहेत. रोज सासूबाईंच्या खोलीत सराव करतोय. खरा सराव. त्या आता रेडिओ लावतात. म्हणतात, रोज तेच तेच काय मोजायचं.

रविवार, २० एप्रिल

गेलो. दातवाल्याच्या गाडीत मागे, मौनीशेजारी, चार पिशव्या आणि दोरी. गवत ओलं होतं, बूट भिजले. सिम्युलेटरमध्ये बूट भिजत नाहीत, ही त्यातली उणीव आहे, विक्रेत्याला कळवायला हवं.

मशीनचं मला एक कळलं होतं की तिथे कोणीतरी बघतंय. छतावर कॅमेरा, मागे सासूबाई. मैदानावर कोणी नसतं. सातव्या होलला माझा चेंडू उजवीकडच्या झुडपात गेला. बाकीचे तिघं लांब, पाठमोरे, आपापले चेंडू शोधत होते. झुडपात फक्त मी आणि तो चेंडू, मुळांमध्ये अडकलेला. उजवा बूट आपसूक पुढे झाला. मी त्याच्याकडे थोडा वेळ बघत उभा राहिलो आणि मागे घेतला. का, ते नीट सांगता येणार नाही. झुडपात सासूबाई नव्हत्या, एवढं नक्की.

पहिल्या दोन फटक्यांत पानं उडाली. तिसऱ्यात चेंडू बाहेर आला, तो चुकीच्या बाजूला. तिथून पुढे होलपर्यंत, आणि मग होलच्या भोवती. घाम पुसत पोचलो तेव्हा तिघं उभे होते. पूर्वी ह्या वेळी ते एकमेकांशी काहीतरी बोलत असायचे आणि मी आलो की थांबायचे. आज नुसतेच उभे होते.

दातवाल्याने कार्ड काढलं, पेन्सिल ओठांना लावली. "किती रे?"

मी म्हटलं, "नऊ."

त्याने नऊ लिहिले. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. वकील माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चल, पुढचा सोपा आहे," आणि आम्ही चौघं चालायला लागलो. इतकं हलकं मला निवृत्तीनंतर पहिल्यांदा वाटलं.

आता घरी बसून लिहिताना पुन्हा एकदा मोजले. झुडपाआधी एक, झुडपात तीन, पुढे चार. आठ होतात. मला तेव्हाही माहीत होतं आठच झालेत. पण मी आठ म्हटलं असतं तर तिघांनीही मनातल्या मनात त्यात एक मिळवला असता. म्हणून तो मीच मिळवून सांगितला.